जांभळी चिंधी

"ते मशीन आधी खाली ठेवा!"

चैताली ओरडली खरी, पण नाशिकच्या द्वारका चौकामागच्या त्या गल्लीत सकाळी दहा वाजता इतक्या जोरात कुणी ओरडत नसावं. शेजारचे गॅरेजवाले वळून बघायला लागले. आणि दारात मशीन उचलून उभ्या असलेल्या त्या उंच मुलाने ते इतक्या घाईने खाली ठेवलं की त्याच्या पायाचा अंगठा जेमतेम वाचला.

"ठेवलं," तो म्हणाला. "आता हात वर करू का?"

दुसरा कुठलाही दिवस असता तर ती हसली असती.

"माझ्या आईचं मशीन आहे हे."

"हे?"

"म्हणजे... यातलं एक."

त्याच्या खांद्यापलीकडे तिची नजर गेली. आत फरशीवर चार रांगांत शिलाई मशीनं मांडलेली होती. चाळीस तरी असतील. सगळी काळी कुळकुळीत, ताज्या रंगाची, एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं अशी.

झालं होतं असं की चैतालीच्या भावाने, रवीने, मोठ्या प्रेमाने घोळ घातला होता. आई डोळ्याच्या ऑपरेशननंतर महिनाभर कळवणला मावशीकडे गेलेली. ती परत यायच्या आत तिला नवं, मोटरवर चालणारं मशीन घेऊन ठेवावं म्हणून त्याने जुनं भंगारवाल्याला देऊन टाकलं. आई खूश होईल असं त्याला मनापासून वाटत होतं. वडील गेल्यावर आईने त्या मशीनवर ब्लाउज शिवून दोघांना मोठं केलं, याच मशीनवर चैतालीला शिवण शिकवलं, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. लक्षात आलं नव्हतं, एवढंच. भंगारवाल्याने या वर्कशॉपचा पत्ता दिला. आणि आई आज संध्याकाळी सहाच्या गाडीने ठक्कर बाजार स्टँडवर उतरणार होती.

"खुणा सांगा," तो म्हणाला. दारावरच्या पाटीवर त्याचं नाव होतं — बुद्धभूषण.

"अंगावर सोनेरी वेलबुट्टी. डाव्या बाजूची उडालेली."

"वेलबुट्टी रंगाखाली गेली. कॉलेज रोडला कपड्यांचं नवीन दुकान होतंय, त्यांना काचेमागे भिंतभर मशीनं हवीत. सगळी एकसारखी काळी, असं त्यांचं म्हणणं."

"सुईजवळ नेलपॉलिशची रेघ होती. शिलाईच्या अंतरासाठी."

"तीही..."

"आणि कापड दाबणाऱ्या फुटाखाली चिंधी होती. जांभळी. मी तीन टिपा मारलेली." मशीन बंद करताना फुटाखाली चिंधी ठेवायची, नाहीतर कापड पुढे सरकवणारे खालचे दात झिजतात, हा आईचा नियम होता.

बुद्धभूषणचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. "चिंध्या... नाही राहिल्या," तो म्हणाला. "आणि तुम्हाला घाई करावी लागेल. चार वाजता दुकानाचा माणूस ड्रिल घेऊन येतोय. भिंतीच्या फळीला बोल्टने आवळायची म्हणून प्रत्येक मशीनला भोक पाडणार आहे."

"भोक?" चैतालीने विचारलं. "मग ते परत शिवणार कसं?"

"शिवायचं नाहीच ना त्यांना. दिसायचंय फक्त."

तिने ओढणी कमरेला खोचली आणि पहिल्या रांगेपाशी मांडी घालून बसली.

अर्धा तास ती नुसतीच बघत राहिली. मग तिला आठवलं. आई डावखुरी. कात्री घ्यायचाही तिला कंटाळा, म्हणून शिवून झालं की दोरा फुटाच्या दांडीवर डावीकडून ओढून तोडायची. रोज पन्नास वेळा, पंचवीस वर्षं. त्या दांडीला बारीक खाच पडली होती. रंग अंगाला मारला असेल, पण दांडी तर लोखंडाची लोखंडच होती.

"डाव्या बाजूला खाच," ती म्हणाली. "ती कुठे जाणार नाही."

"हुशार आहात."

"गरजू आहे. आणि नाव चैताली."

तो तिच्या समोर येऊन बसला. मदतीला, असं म्हणाला. ती दांडीवरून बोट फिरवायची, तो पुढचं मशीन सरकवायचा. पहिल्याला खाच उजवीकडे होती. दुसऱ्याला मागच्या बाजूला, दोन. पाचव्याला इतकी खोल की नख अडकावं.

"थांबा... असं नाही," त्याने तिचं बोट हलकेच धरून दांडीच्या मागे नेलं. "इथे. हे घोटीहून आलंय. या बाई दोरा मागे ओढायच्या."

चैतालीने बोट लगेच काढून घ्यायला हवं होतं, पण काढलं नाही. मग घाईने काढलं. "तुम्हाला काय माहीत, बाई की बुवा?"

"ड्रॉवरमध्ये टिकल्यांचं पाकीट होतं. बुवांचं असेल तर माझं काही म्हणणं नाही."

आता मात्र तिला हसू आलं. लगेच घड्याळाकडे लक्ष गेलं. साडेबारा.

तो बोलायला लागला की गोड बोलायचा, हे तिने नाइलाजाने कबूल केलं. वडिलांच्या हाताखाली तो मशीन दुरुस्ती शिकला होता. मशीनवर कोरलेला नंबर वाचून ते कुठल्या कारखान्यात, साधारण कधी जन्मलं ते सांगायचा. 'वाय' अक्षर असलं तर स्कॉटलंडमधलं क्लाइडबँक, शंभर वर्षांमागचं. तिथे सिंगरचा कारखाना इतका मोठा होता म्हणे की कामगारांसाठी रेल्वेचं वेगळं स्टेशन. कारखाना पाडला, पण स्टेशनाला लोक आजही सिंगरच म्हणतात. तिकडून बोटीने मुंबई, मुंबईहून नाशिक, इथून सटाण्याला, कळवणला, कुणाच्या तरी ओसरीवर.

"आणि आता काचेमागे," चैताली म्हणाली.

हातातलं फडकं त्याने उगाचच पिळलं.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटतं. पण पंधरा वर्षं पडून गंजण्यापेक्षा कुणी बघेल तरी, असं म्हणत होतो." मग तिच्या बोटाकडे बघत तो म्हणाला, "खाचा आज पहिल्यांदा मोजल्या. एकीसारखी दुसरी नाही."

दोन वाजता त्याने चहा आणला. तिचा तसाच गार झाला. एकतीस मशीनं झाली होती. प्रत्येक मशीनला उजवीकडे, मागे, पुढे खाच. डावीकडे कुणालाच नाही. तिच्या बोटाचं टोक लाल झालं होतं. सहा वाजता आई उतरेल, घरात येईल, चप्पल काढायच्या आधी कोपऱ्याकडे बघेल...

"मिळेल," बुद्धभूषण म्हणाला.

"कशावरून?"

"मिळेल," तो परत म्हणाला आणि नजर चुकवून उठला. भिंतीजवळ एका टेबलावर कसलंसं चादरीने झाकलेलं होतं. तिथे जाऊन त्याने चादरीचं टोक नीट केलं, जे नीटच होतं.

साडेतीनलाच ड्रिलवाला आला. मल्हारी त्याचं नाव. जाडजूड, घाईतला, कुणाचं ऐकून घ्यायला वेळ नसलेला माणूस. त्याने पिन बोर्डात घातली, घर्रकन आवाज काढून बघितला आणि शेवटच्या रांगेकडे वळला. तिथली चार मशीनं चैतालीची बघायची राहिली होती.

"दादा, दोन मिनिटं!"

"ताई, भिंत आजच लावायचीय. मालक डोक्यावर बसलाय."

"एवढी चार बघू द्या!"

"काळी ती काळीच. काय बघायचं त्यात?" त्याने मशीन ओढलं, त्याच्या सपाट बैठकीवर खडूने फुली मारली आणि ड्रिल सुरू केलं.

चैतालीने त्या फुलीवर तळहात ठेवला.

विचार करून नव्हे. हात आपोआप गेला. ड्रिलचं टोक तिच्या बोटांपासून चार बोटांवर फिरत होतं. मल्हारी ओरडला, "अहो ताई, हात काढा!" आणि त्याच वेळी मागून बुद्धभूषणचा आवाज आला, असा फाटलेला की तिला आधी ओळखूच आला नाही.

"बंद कर! चैताली, हात काढ! ते तुझ्या आईचं नाहीये!"

ड्रिल थांबलं.

"कशावरून?" चैतालीने हळूच विचारलं.

तो टेबलापाशी गेला आणि चादर ओढली.

अंगभर सोनेरी वेलबुट्टी, डाव्या बाजूची उडालेली. सुईजवळ गुलाबी नेलपॉलिशची रेघ. ना ताजा रंग, ना चकाकी. कोपऱ्यात खंडेनवमीच्या पूजेचं वाळलेलं कुंकूसुद्धा जसंच्या तसं. ती उठली, जवळ गेली, दांडीवर बोट ठेवलं. खाच डावीकडे.

"सकाळपासून..." ती त्याच्याकडे वळली. "सकाळपासून माहीत होतं तुला?"

"चिंधी म्हणालीस तेव्हा कळलं." त्याने खिशातून घडी काढली. जांभळी. "आठ दिवसांपूर्वी मशीन आलं, फुटाखाली ही होती. इतकी सरळ टीप मी बघितली नव्हती. ही मारणारी कोण असेल, असं... रोज वाटायचं. म्हणून हे मशीन बाजूला ठेवलं, दुकानाला माझ्याकडचं दुसरं दिलं. आणि आज तूच दारात. मिळालं की निघून जाशील, म्हणून म्हटलं पाच मिनिटं... मग दहा... मग सांगायची हिंमतच होईना."

"माझा जीव टांगणीला लावलास तू. पाच तास!"

"हो."

"आईचा विचार करून रडायची बाकी राहिले होते मी!"

"चुकलो. माफ कर." त्याने चिंधी फुटाखाली सरकवली आणि फूट अलगद खाली टेकवला, कुठलीही कुरबुर न होता, जसा टेकवायचा असतो तसा.

रिक्षात मशीन त्यानेच ठेवलं. चैतालीने त्याच्याकडे बघितलंही नाही. वळणावर मात्र मान आपोआप मागे गेली. तो मल्हारीच्या ड्रिलची पिन काढून हातात घेऊन उभा होता आणि मल्हारी हातवारे करत होता.

चैतालीची आई, सुलाबाई, सव्वासहाला घरी आल्या. काळा चष्मा काढला, कोपऱ्यात मशीन बघितलं, शेजारी नवं मोटरवालं बघितलं, आणि रवीला म्हणाल्या, "नवं चांगलंय रे. तू शिक त्याच्यावर." रवीने कान पकडले.

मग त्या आपल्या जागेवर बसल्या आणि फूट उचलून चिंधी काढली. नव्या डोळ्यांनी त्यांना काय काय दिसत होतं! त्यांनी चिंधी दिव्याखाली धरली.

"ह्या वरच्या तीन टिपा तुझ्या. ही खालची चौथी कोणाची गं?"

"चौथी?" चैतालीने वाकून बघितलं. तिच्या टिपांच्या खाली, अगदी लगत, एक चौथी टीप होती. तिच्याशी जुळवून घेऊ बघणारी. "मेकॅनिकची असेल. मशीन चालतंय का बघायला."

"तेवढ्याला बोटभर पुरते. हा तीनदा उसवून बसलाय, भोकं दिसतात बघ सुईची. चौथ्या खेपेला जमलीय." सुलाबाईंनी लेकीकडे नीट बघितलं. "आणि तुझं नाक का लाल झालंय?"

चैतालीने सगळं सांगितलं. सांगताना ती रागावली, मग थोडी कमी रागावली, शेवटी तर तिलाच कळेना की ती तक्रार करतेय की कौतुक. सुलाबाई चिंधीवरून बोट फिरवत राहिल्या.

"खोटं बोलला ते वाईटच," त्या शेवटी म्हणाल्या. "पण उसवायचा कंटाळा नाही त्याला. फोन आहे का त्याचा?"

पाटीवरचा नंबर चैतालीने कधी पाठ केला, तिलाही माहीत नव्हतं. पलीकडे पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"चैताली बोलतेय. मशीन टीप सोडतंय."

"सोडतंय?" तो घाबरला. मग थांबला. कारण आईने तेवढ्यात चाक फिरवून कापड सुईखाली घातलं होतं. "मागे तो आवाज कशाचा?"

"त्याच मशीनचा."

"झकास चाललंय की... एकही टीप चुकत नाहीये."

"मी सांगतेय ना, सोडतंय! तू पाच तास खोटं बोललास, मी एक बोलले तर काय झालं?"

पलीकडे त्याचा श्वास सुटल्याचा आवाज आला. "ती भोकं नाही पाडू दिली मी. लाकडी चौकटीत बसवून देतो म्हणालो मालकाला. आठ दिवस जास्त मागून घेतले."

हे ऐकून चैतालीच्या मनातला उरलेला राग असा गेला की तिला त्याला थांबवताही आलं नाही.

"उद्या कधी येऊ?" त्याने विचारलं.

"आई म्हणते, चहाच्या वेळेला ये."

"आणि तू काय म्हणतेस?"

आईचं मशीन एका लयीत चाललं होतं. आई मुद्दाम मान वर करत नव्हती. चैतालीने जांभळी चिंधी मुठीत घट्ट धरली.

"मी म्हणते... चहा झाला की लगेच निघून जाऊ नकोस."