शेवटच्या खोलीतल्या घंटा

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी मी आसगावला, आमच्या घरी गेले, ते एक वस्तू आणायला. हातात धरून खेळायचा गेमचा डबा. पुस्तकासारखा उघडणारा, वर एक पडदा आणि खाली एक. माझी धाकटी बहीण खुशबू, तिचा. ती जूनमध्ये गेली. एकोणीस वर्षांची होती.

तिला सिकलसेल होता. मी नागपूरला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, त्यामुळे तो आजार मला काचपट्टीवर नेहमी दिसतो. गोल असायच्या त्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि माणसाची हाडं आतून ठणकायला लागतात. लॅबमध्ये बघताना त्याचं काही वाटत नाही. बहिणीचे गुडघे दाबत बसलं की तोच आजार वेगळा असतो.

डबा मीच तिला दिला होता, जुन्या सामानाच्या दुकानातून आणून. त्यात एकच गेम होता, इंग्रजीतला. बेटावरच्या एका बंद शाळेत एक मुलगी हरवलेली असते. नऊ खोल्या, प्रत्येक खोलीत एक कोडं, सगळी सुटली की मुलगी सापडते. चार तासांत संपावा एवढाच. पण खुशबूने तो वर्षभर पुरवला. भंडाऱ्याला दवाखान्यात भरती असली की शेजारच्या खाटांवरच्या बायका-पोरी तिच्याभोवती जमायच्या आणि ती पडद्यावरचं इंग्रजी त्यांना आपल्या बोलीत करून सांगायची. गेममधला गोरा म्हातारा चौकीदार तिच्या तोंडून विचारायचा, "काहून आली वो पोरी एवढ्या अंधारात?" बायका हसायच्या. सलाइन लावलेल्या हातानेच ती कळ दाबायची.

शेवटची खोली तेवढी उरली होती. एका रविवारी तिचा वॉर्डमधून फोन आला. म्हणाली, ताई ये, शेवटचं कोडं तुझ्यासाठी ठेवलं आहे, दोघी मिळून सोडवू. मी सांगितलं, ड्युटी आहे. ड्युटी नव्हती. मला त्या वॉर्डचा वास नकोसा झाला होता, एवढंच. दिवसभर मी खोलीवर झोपून राहिले.

मंगळवारी ती गेली.

त्यानंतर डबा आईच्या पेटीत पडून होता. मग बाबांना वच्छलाबाईंचा फोन आला. त्यांची मुलगी डिंपल दवाखान्यात खुशबूच्या शेजारच्या खाटेवर असायची. अकरा वर्षांची, लाखांदूरकडची, आजारही तोच. ती पुन्हा भरती झाली होती आणि खुशबूताईच्या गेमची सारखी आठवण काढत होती. बाबा मला म्हणाले, पडून राहण्यापेक्षा त्या पोरीला देऊन टाक.  शनिवारी मी पोचले तशी आईने पेटी उघडली, खुशबूच्या ओढणीत गुंडाळलेला डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आई-बाबा धान कापायला गेले. घरात मी एकटी. डबा चार्जिंगला लावला होता, तो दुपारपर्यंत भरला. द्यायच्या आधी खुशबूचा अर्धवट खेळ पुसायचा होता, म्हणजे डिंपलला पहिल्यापासून खेळता आलं असतं. पण पुसायच्या आधी ती शेवटची खोली एकदा तरी बघावी असं वाटलं.

मी खुशबूच्या खाटेवर भिंतीला टेकून बसले. दार सताड उघडं होतं. ओट्यावर ऊन, लांब कुठेतरी मळणीयंत्राची घरघर, धानाच्या तणसाचा कोरडा वास. भर दुपारी भीती कसली?

शेवटच्या खोलीत नऊ घंटा टांगलेल्या होत्या. कोणत्या क्रमाने वाजवायच्या ते ओळखायचं. एक जरी चुकली तरी सगळ्या एकदम वाजतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी तीनदा चुकले. खालच्या पडद्याच्या कोपऱ्यात एका वहीचं चित्र होतं. त्यावर बोट ठेवलं की एक पान उघडतं, डब्यासोबतच्या काडीने त्यावर टिपणं करून ठेवायची. मी ते उघडलं. पानावर खुशबूचं अक्षर होतं, थरथरतं, खाली उतरत गेलेलं.

'ताई, मधल्या घंटेपासून कर.'

माझे डोळे भरून आले. माझ्यासाठी लिहून ठेवलं होतं तिने. मी मधली घंटा वाजवली. बरोबर होती. मग डावीकडची वाजवली, ती चुकली. पुन्हा वही उघडली तर आधीच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती.

'ती नाही. उजवी.'

ही ओळ मघाशी माझ्या नजरेतून सुटली असेल, असं मी मनाला सांगितलं. मधली आणि मग उजवी वाजवली. पुढच्या तीन माझ्या मलाच सुचल्या. सहावीला मी अडले आणि तेव्हा लक्षात आलं, मळणीयंत्राचा आवाज थांबला आहे. माणसं जेवायला बसली असतील. पण चिमण्याही गप्प होत्या. ओट्यावर ऊन तसंच होतं, आवाज मात्र कसलाच नव्हता... तणसाचा वासही गेला होता. त्या जागी बामचा वास येत होता. दुखणं उठलं की खुशबू गुडघ्यांना, मानेला चोपडायची, तो. ताजा, डोळ्यांना झोंबणारा.

आणि माझ्या डाव्या खांद्यावर भार आला.

फार नाही. तापलेलं डोकं कुणी टेकवावं तेवढाच. खेळायला बसलो की ती अशीच टेकायची. मी मान वळवली नाही. वळवता आली असती, पण तिथे कुणी नसलं तर काय, याचीच मला जास्त भीती वाटली.

वहीचं पान उघडं होतं. काडी डब्याच्या खाचेतच होती, मी ती बाहेर काढलीच नव्हती. पानावर एक रेघ उमटत होती. सावकाश, दुखऱ्या हाताने ओढावी तशी.

'वरची.'

मी वरची घंटा वाजवली. मग सातवी, मग आठवी, पानावर उमटेल तशी. आता एकच उरली. ती वाजली की खेळ संपणार होता. माझं बोट कळीवर तसंच राहिलं. मी बोलले, अगदी हळू.

"खुशी... त्या रविवारी मले ड्युटी नव्हती. मी खोटं बोलली."

 खांद्यावरचा भार हलला नाही. मग तळाशी, जागा उरली नव्हती म्हणून अगदी बारीक अक्षरांत उमटलं...

'आली ना आता.'

मी शेवटची घंटा वाजवली. शाळेचं दार उघडलं. हरवलेली मुलगी बाहेर आली आणि समुद्राकडे चालत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. पडद्यावर नावं सरकत राहिली आणि खांदा कधी हलका झाला ते मला कळलं नाही. मळणीयंत्र पुन्हा सुरू झालं होतं. मी त्या खाटेवर बसून रडले. जूनमध्ये, तिला नेलं तेव्हाही मला रडू आलं नव्हतं.

संध्याकाळी आई शेतातून आली आणि दारातच थबकली.

"बाम कोणं लावला वो?"

"मीच. मान दुखून राहिली."

आईने माझ्याकडे पाहिलं, मग खाटेकडे. घरात बाम नव्हता. खुशबूची सगळी औषधं आईने स्वतःच्या हाताने जूनमध्ये फेकून दिली होती.  आई हातपाय धुवायला मागे गेली, ती बराच वेळ घरात आली नाही.

मग मी खेळ पुसला. खेळ तिच्या नावाने ठेवलेला होता; हे नाव काढून टाकायचं का, असं डब्याने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी हो म्हटलं. वहीचं पानही कोरं झालं. मला वाटलं, सुटली बिचारी.

सोमवारी पवनीवरून एसटीने भंडाऱ्याला गेले. डिंपलने डबा ओढणीसकट दोन्ही हातांनी छातीशी धरला. ओढणी मला घरी न्यायची होती, पण तिचा चेहरा बघून मागवेना.

दहा दिवसांनी वच्छलाबाईंचा फोन आला. आनंदात होत्या. डिंपलला दवाखान्यातून सुट्टी झाली होती. घरी दिवसभर खेळते, दुखणं कमी आहे, रडणं तर बंदच झालं, असं सांगत होत्या. मलाही बरं वाटलं. खुशबूचं नाव घेऊन त्या खूप काही चांगलं बोलल्या. मग एकदम त्यांचा आवाज खाली आला.

"बाई, एक विचारू काय? पोरगी आजकाल खाटेच्या पार काठावर झोपते. अर्धी खाट रिकामी ठेवते. मी म्हटलं, पडशील, मधात सरक. तं म्हणते..."



"काय म्हणते?"

"म्हणते, नाही सरकत. तिचे पाय लय थंडे लागतात."