कोपऱ्यातली तारीख

कीलुंग या बंदराच्या गावात कचरागाडी धून वाजवत येते आणि कुणासाठीही थांबत नाही. त्या संध्याकाळी सूयुन दोन्ही हातांत पिशव्या घेऊन भर पावसात तिच्यामागे धावली, तोवर गाडी वळणापलीकडे गेली होती. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या या मुलीची गाडी महिन्यात चौथ्यांदा चुकली होती.

“देवळाच्या गल्लीत ती चार मिनिटांनी येते,” शेजारून कुणीतरी म्हणालं. “पायऱ्यांवरून गेलं तर तीन लागतात.”

एक उंच मुलगा तळहातावरच्या काळ्यापांढऱ्या पडद्याकडे पाहत होता. पडदा केवढा, तर पत्त्यांतल्या पानाएवढा.

“आणि तिथेही चुकली तर?”

“तर तुमचा कचरा मी सांभाळीन… पुढच्या गाडीपर्यंत.”

अशा बोलण्यावर खरं तर तोंड फिरवायचं असतं. सूयुन हसली, आणि दोघं पायऱ्या चढत सुटले. गाडी मिळाली.

मुलाचं नाव बोयान. तो संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होता. हातातलं ते यंत्र मुळात पुस्तकं वाचण्यासाठीचं. त्याने आतला प्रोग्राम बदलून त्याचा खिशातला फळा केला होता. त्याच्या घरच्या संगणकावरून फळ्यावर चित्र यायचं : आज पाऊस किती, गाडी किती वाजता. फोन उघडला की माणूस तासभर हरवतो, म्हणून हा उद्योग, असं त्याने सांगितलं.

पुढच्याच आठवड्यात त्याने तिच्यासाठी तसाच एक बनवून आणला.

“म्हणजे पुस्तकाऐवजी कचऱ्याचं वेळापत्रक वाचायचं?” सूयुनने विचारलं.

“तुम्ही वाचणार असाल, तर खाली एक ओळ मीही लिहीन.”

तो रोज लिहू लागला. ‘छत्री घ्या.’ ‘आज सूप प्या, आवाज बसलाय.’ फळ्यावरून उत्तर पाठवता येत नसे, म्हणून ती संध्याकाळी गाडीपाशी भेटून द्यायची. उन्हाळा येईतो ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं. गल्लीच्या तोंडाशी माशाच्या गोळ्यांचं सूप विकणाऱ्या लीनकाकू तर या दोघांना कचऱ्याची फार हौस आहे म्हणायच्या.

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख, वेळ आणि बॅटरीची खूण असे. सूयुनला त्यातली तारीख डाचायची. तारीख दिसली की दुकान आठवतं, काढून टाक म्हणाली.

“अगं, बॅटरी संपली तरी या पडद्यावर शेवटचं चित्र तसंच राहतं,” बोयान म्हणाला. “तारीख नसली तर जुनं की नवं, कसं कळणार?”

“तू रोज नवीन लिहितोस ना… त्यावरून.”

प्रेमात पडलेला माणूस याच्यापुढे काय वाद घालणार. त्याने अख्खा कोपराच पुसला.

मग जपानमधल्या कुमामोतोच्या कारखान्याने त्याला बोलावलं, तीन वर्षांसाठी. होकार शुक्रवारी रात्रीपर्यंत द्यायचा आणि रविवारी पहाटे निघायचं. बुधवारी काकूंच्या बाकड्यावर सूप निवत ठेवून त्याने तिला हे सांगितलं. ‘जाऊ नकोस’ हे दोन शब्द सूयुनच्या अगदी ओठांवर आले होते, पण तिने सूप ढवळलं.

“आत्ता नको बोलूस,” तो म्हणाला. “तू हसण्यावारी नेशील. शुक्रवारी कुठे भेटायचं ते फळ्यावर लिहीन. आलीस तर जात नाही. नाही आलीस तर… पुन्हा विचारणार नाही.”

गुरुवारी फळ्यावर ओळ आली : ‘आज काम आहे. उद्या लिहितो.’

शुक्रवारी सूयुनने दुकानात दहादा फळा काढून पाहिला. गाडी सात दहाला. पाऊस नव्वद टक्के. ‘आज काम आहे. उद्या लिहितो.’ शनिवारी पुन्हा तेच. पाऊस म्हणावा तर कीलुंगमध्ये तो नव्वद टक्के असतोच. तिला वाटलं, आपण अडवू याची याला भीती वाटली आणि आता हा टाळतोय. तिला राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग. फोन करावा असं हजारदा वाटलं, पण बोलवायचं त्याने, असं ठरलं होतं. मागे लागणारी मुलगी व्हायचं नव्हतं तिला.

रविवारी संध्याकाळी सात दहाला ती पिशवी घेऊन खाली उतरली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

“डोकं ठिकाणावर आहे ना पोरी?” काकू म्हणाल्या. “रविवारी कधी गाडी आलीये?”

सूयुनने फळ्याकडे पाहिलं. गाडी सात दहाला. हे चित्र जुनं होतं. पिशवी तिथेच टाकून ती वर धावली आणि तिने फळा चार्जरला लावला. पडदा काळा झाला, पांढरा झाला. आज गाडी नाही. पाऊस नव्वद टक्के. आणि खाली ओळ : ‘बंदराच्या धक्क्यावर, आठ वाजता.’

आठला वीस मिनिटं होती. म्हणजे तो गेला नव्हता… तो आजही बोलावत होता. छत्री न घेता ती धक्क्यापर्यंत पळाली. बोलायचे ते दोन शब्द वाटेत सारखे घोकत होती. साडेआठ झाले तरी कुणी आलं नाही, तेव्हा कुठे तिने फोन लावला.

“आलेय मी,” ती म्हणाली. “धक्क्यावर आहे. कुठे आहेस?”

 बोयान म्हणाला, “कुमामोतोत. ते शुक्रवारचं होतं, सूयुन. पुसायला हात धजला नाही.”

तिने बॅटरीचं सांगितलं.  शुक्रवारी तो अकरापर्यंत थांबला होता. मग होकार कळवून टाकला.

“फळा बंद होता,” तो हळूच म्हणाला. “फोन तर चालू होता ना?”

“तुझाही होता.”

 ते दोन शब्द आता कुणाला सांगायचे, सूयुनला कळेना. शेवटी ती एवढंच म्हणाली, “कोपऱ्यात तारीख परत घाल.”

“इथून घालतो,” तो म्हणाला.

सकाळी तिने उशाशी ठेवलेला फळा पाहिला. कोपऱ्यात सोमवारची तारीख होती, वेळ होती, बॅटरी भरलेली होती. गाडी सात दहाला, पाऊस नव्वद टक्के. त्याखालची ओळ कोरी होती.