पाचवं लाकूड

भूत रात्रीच दिसतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही गोष्ट मुद्दाम वाचावी. हे सगळं भर उन्हात घडलं. सकाळी अकरा ते साडेबारा, एवढ्याच वेळात.

आणि गोष्ट खरी आहे. ज्याच्यावर बेतली तो संघपाल माझा मावसभाऊ. भद्रावतीला राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो. थापा मारणं त्याच्या स्वभावात नाही. उलट दुसऱ्याची थाप पकडून त्याला चारचौघांत सोलायची त्याला भारी हौस होती.

होती म्हणतो, कारण आता नाही.

या मार्चमधला शेवटचा रविवार. पोंभुर्ण्यापासून बारा-तेरा किलोमीटरवरचं जंगल. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना तिथेच राहायचं आहे.

संघपालला वेड एकच, सायकलचं. जाड टायरची, मुरमाच्या रस्त्यावर पळणारी सायकल. कोळशाच्या ट्रकांमागे धूळ खात डांबरावर चालवणं त्याला मंजूर नाही. जंगलातले कच्चे रस्ते शोधायचे, जिथे एसटी नाही, ट्रक नाही, हॉर्न नाही. फक्त टायरखाली मुरूम चुरचुरतो, बस्स. असा साठ किलोमीटरचा फेरा त्याने आखला होता. एकूण नऊ जण येणार होते. त्यात त्याची धाकटी बहीण रिनाही होती.

रिना पोलीस भरतीची तयारी करत होती. पाय दणकट, पण जंगलात सायकल पहिल्यांदाच. नवीन सायकलला संघपालने स्वतःच्या हाताने पितळी घंटी बसवून दिली होती. निघताना मनकर्णामावशीने एकच सांगितलं, "पोरीले एकटं सोडू नको."

"नाई सोडत, आई," तो म्हणाला.

पण गडबड त्याआधीच, शनिवारी झाली होती.

शनिवारी संघपाल एकटाच जाऊन रस्त्यावर खुणा करून आला. कबड्डीच्या मैदानावर टाकतात ती पांढरी फक्की त्याने सोबत नेली होती. प्रत्येक फाट्यावर फक्कीचा बाण काढायचा, म्हणजे कोणी चुकत नाही. शेवटच्या फाट्यापाशी येईतो फक्की संपली. फाटा मात्र नेमका अवघड होता. डावीकडे गावाचा रस्ता, उजवीकडे लाकडं वाहून न्यायचा जुना कूप रस्ता. तो कित्येक वर्षं बंद पडलेला.

फाट्याच्या थोडं अलीकडे, रस्त्याच्या कडेला वाळलेल्या लाकडांचा कमरेएवढा ढीग होता.

त्याने पाच लाकडं उचलली. चारांचा डावीकडे जाणारा बाण केला. पाचव्याला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. चिंधी लांबून दिसते, म्हणून ते त्याने कूप रस्त्यावर आडवं टाकलं. रस्ता बंद.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"भाऊ, तिथं लाकूड ठेवतेत. उचलत नाईत."

डोक्यावर मोहाच्या फुलांची टोपली घेतलेली एक बाई उभी होती. गिरजा तिचं नाव, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

"काऊन, बाई?"

"सुकरीचं हाये ते."

आमच्या भागात ही रीत आहे. जिथे वाघाने माणूस मारला, तिथून जाणारा प्रत्येक जण एक लाकूड किंवा दगड ठेवतो आणि पुढे जातो. संघपालला रीत माहीत होती. पण मास्तर तो मास्तर!

"वाळलेलं लाकूडच त हाये, बाई. उद्या दुपारी जसंच्या तसं आणून ठेवतो."

गिरजाने ढिगाकडे पाहिलं.

"तोवर थांबन का सुकरी?" म्हणाली, आणि गेली.

रविवारी सगळं झकास चाललं होतं. संघपाल सगळ्यांच्या मागे, त्याच्या पुढे रिना, बाकीचे सात जण बरेच पुढे. शेवटच्या फाट्याच्या तीन किलोमीटर अलीकडे संघपालच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. तो पंक्चर काढत बसला. रिना थोडा वेळ थांबली, मग कंटाळली.

"दादा, मी हळूहळू निघतो."

आता इथे तो नाही म्हणाला असता, तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

"हो पुढं," तो म्हणाला. "बाण पाह्यत जा."

वीस मिनिटांनी तो फाट्यावर पोचला. आणि ब्रेक दाबून तिथेच उभा राहिला.

बाण उजवीकडे होता.

लाकडं तीच होती. पण टोक कूप रस्त्याकडे वळलेलं. आणि आडवं टाकलेलं, चिंधीवालं लाकूड… नव्हतं.

त्याने धुळीत पाहिलं. सात सायकलींच्या चाकोऱ्या डावीकडे गेल्या होत्या. एक उजवीकडे. नव्या टायरची, ठसठशीत नक्षीची.

रिनाची.

त्याने मोबाईल काढला. रेंज नाही. तो उजवीकडे वळला आणि जीव खाऊन पायडल मारू लागला.

"रिनाऽऽ!"

पुढच्या वळणापलीकडून उत्तर आलं…

ट्रिंग.

तीच पितळी घंटी. त्याला इतकं हायसं वाटलं की तो हसला. वळण घेतलं.

रस्ता रिकामा.

"रिना, थांब वं!"

ट्रिंग… पुन्हा पुढच्या वळणापलीकडून.

असं एकदा नाही, सहा-सात वेळा झालं. तो जितका जोर लावी तितकीच घंटी पुढे जाई. आणि मग त्याच्या लक्षात आलं की दुसरा कसलाच आवाज नाही. पाखरू नाही. वानर नाही. स्वतःच्या टायरखालचा मुरूमसुद्धा वाजत नव्हता.

एका ठिकाणी चाकोरी संपली.

वळली नाही, आडवी झाली नाही. फळ्यावरून खडू उचलल्यावर रेघ थांबते, तशी मऊ धुळीत मधेच थांबली. पुढे काही नाही. सायकल नाही. रिना नाही. पावलंसुद्धा नाहीत.

तो वेड्यासारखा झुडपांत घुसला. हातापायांना ओरखडे निघाले. वाघाचं जंगल आहे, मोहाचा हंगाम आहे, माणसं एकटी इथे येत नाहीत, हे सगळं त्याला ठाऊक होतं. त्या घडीला वाघाची भीती त्याच्या मनाला शिवलीही नाही. आईला काय सांगू, एवढं एकच डोक्यात घण घालत होतं.

तेव्हा सागाच्या रानातून आवाज आला. बाईचा. अगदी मायेचा.

"चाल वं माय… टोपली भरली."

आणि लगेच त्याच बाजूने… ट्रिंग.

मग जरा लांबून… ट्रिंग.

आणखी लांबून.

कोणीतरी तिला घेऊन चाललं होतं, आणि ती निमूट जात होती.

त्या दिशेने धावावं की नाही? तो दोन पावलं गेलाही. मग त्याला टोपली आठवली. गिरजा आठवली. तोवर थांबन का सुकरी?

विज्ञान शिकवणारा संघपाल मागे वळला. सायकल तिथेच टाकली आणि फाट्याकडे पळत सुटला. पाऊण तास तरी त्या रस्त्याने आत आला होता, पण परत किती वेळात आला ते त्याला आजही सांगता येत नाही. बाणाची चार लाकडं छातीशी धरली. पाचव्यासाठी फाटा पालथा घातला, पाला उकरला, नखं फाटली. पाचवं मिळालं नाही.

चारच घेऊन तो ढिगाकडे धावला. ती चारही ठेवली. आणि ज्याने जन्मात कुठल्या दगडापुढे हात जोडले नव्हते, तो गुडघ्यावर बसला.

"बाई… सुकरीबाई… चुकलो मी. मले ने. माह्या बहिणीले सोड. माय वाट पाह्यते तिची."

काही झालं नाही.

तो हुंदके देत राहिला. पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला.

मग ढिगाच्या मागे… कोणीतरी श्वास घेतला.

रिना तिथे बसली होती. सायकल बाजूला उभी. मांडीवर हेल्मेट, आणि हेल्मेट मोहाच्या फुलांनी काठोकाठ भरलेलं. मोह पहाटे गळतो आणि ऊन चढलं की कोमेजतो. साडेबारा वाजले होते. त्या फुलांवर दव होतं.

"दादा," ती म्हणाली, "तू काऊन मांगं राह्यला? तूच त पुढून घंटी वाजवत होता."

संघपालच्या सायकलला घंटी नाही.

तो तिला गावात घेऊन गेला. तिथे गिरजाने त्यांना पाणी दिलं आणि रिनाकडे नुसतं पाहत राहिली. किती लाकडं परत ठेवली, तिने विचारलं. चार, तो म्हणाला. चिंधीवालं सापडलं नाही.

गिरजाचा चेहरा उतरला.

"भाऊ, दोन वर्षांमांगं सुकरी मोह वेचाले गेली ते आलीच नाई. तिच्या पोरीनं, उर्वशीनं, मायच्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली अन् पहिलं लाकूड ठेवलं. तू लेकीचं लाकूड उचललं. रस्त्यावर आडवं टाकलं."

"मंग आता?"

"उर्वशीच्याच हातानं दुसरं ठेवा लागन."

उर्वशी गावात नव्हती. मिरची तोडायला तेलंगणात गेली होती. संघपाल दोनदा तिकडे जाऊन आला. कुठल्या शेतावर आहे ते कोणी सांगू शकलं नाही, फोन लागत नाही. मजुरांची गाडी अक्षय तृतीयेला परत येते, इतकंच कळलं.

परवा मी भद्रावतीला गेलो होतो. रिना दिसायला बरी आहे. हसली, भरतीबद्दल बोलली. सकाळी साडेदहालाच सगळे जेवायला बसलो. मावशी तिच्या शेजारीच बसून वरण वाढत होती.

अकराच्या सुमारास रिनाचा घास हातातच राहिला. मान दाराकडे वळली.

"आई बोलावून राह्यली," ती म्हणाली आणि उठली.

मावशीने तिचा हात धरला. "मी इथंच हावो ना वं, माय."

रिनाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. ओळखीच्या माणसाकडे पाहतात तसंच, प्रेमाने.

"तू नाई," ती म्हणाली.

संघपालने उठून दाराला कडी घातली आणि पाठ टेकून तिथेच उभा राहिला. रोज अकरा ते साडेबारा तो तसाच उभा असतो, शाळेतून रजा घेऊन.

अक्षय तृतीयेला अजून तीन आठवडे आहेत.