घरी माणसं किती?

विकलेला माल परत घेणं हे सरिताचं काम नव्हतंच. 'घरभर बाजार'च्या, वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या मुख्यालयात ती जाहिरातीचं पाहायची. दुकानं सगळी बाहेर, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी. मुख्यालयात साधी सुईसुद्धा विकली जात नसे. तरी आठवडाभर माणसं येत होती, हातात एकेक पांढरा पंचा घेऊन, आणि स्वागतकक्षातली मुलगी सगळ्यांना बिनदिक्कत सरिताच्या टेबलाशी पाठवत होती.

"म्याडम, हा एक जास्तीचा आला," प्रत्येकाचं तेच. "आमच्या घरी एवढी माणसं नाईत."

"मग घेतला कशाला?" सरिता वैतागून विचारायची. "आणि आपण पंचे विकत नाही हो! किती वर्षं झाली बंद करून."

"इथूनच तं घेतला. खालच्या दुकानातून."

खाली दुकान नव्हतं. तिथं होता तो सरिताच्या डोक्याला लावलेला ताप. कंपनीच्या वर्धापनदिनासाठी मालक रूपरावजींनी फर्मान काढलं होतं, की आपलं पहिलं दुकान तळमजल्यावर जसंच्या तसं उभारायचं. ते दुकान त्यांनी हिंगणघाटात, वेणा नदीकाठच्या, कापसाच्या जिनिंगच्या एका रिकाम्या शेडमध्ये टाकलं होतं. गिरणीचं कापड स्वस्तात विकायचे. त्यांची बायको रुख्माबाई गल्ल्यावर बसायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारायची, "घरी माणसं किती?" माणसं जास्त तेवढी सूट जास्त. या एका प्रश्नावर जिल्हाभर नाव झालं.

सरितानं सगळं जमवलं होतं. लाकडी गल्ला, मागं खुर्ची, लोखंडी मांडण्या. मांडण्यांवर पुठ्ठ्याच्या खोक्यांना कापड गुंडाळून ठेवलेलं, म्हणजे लांबून कापडाच्या ताग्यांसारखं दिसावं. विकण्याजोगी तिथं एक चिंधी नव्हती. फक्त रंगारी रस्त्याकडचं शटर दिवसभर उघडं टाकायचे, आणि कितीही ओरडलं तरी ऐकायचे नाहीत.

गिरडचे मनोहरराव आले तेव्हा तिची सहनशक्ती संपली होती. ते भाजीवाले शेतकरी, वर्ध्याच्या बाजारात वांगी टाकून परत निघालेले.

"कोणी दिला तुम्हाला हा पंचा?"

"गल्ल्यावरच्या बाईनं. म्हणे, घरी माणसं किती? मी म्हटलं, पाच. तिनं पाच बांधून देल्ले. घरी गेलो तं बायको म्हणे, पाच काऊन आणले? आपून तं चौघं."

"मग तुम्ही पाच का सांगितलं?"

मनोहरराव पंच्याच्या घडीवरून अंगठा फिरवत राहिले. "तेच तं समजून नाई राह्यलं, म्याडम. तोंडातून पाच निघालं. अन् खोटं बोललो, असं काई वाटत नाई."

पंचा टेबलावर ठेवून ते दारापर्यंत गेले, परत आले आणि तो उचलून त्यांनी काखेत धरला.

"राहू द्या. घरीच ठेवतो."

सरिता तडक रूपरावजींच्या केबिनमध्ये गेली. कोणीतरी आपल्या नावावर जुना माल खपवतंय, पोलिसांत कळवू, म्हणाली. रूपरावजींनी चष्मा काढून पुसला.

"हे तवाही होत होतं," ते म्हणाले. "लोक एक नग वापस आणत. आम्ही समजलो, सूट भेटावी म्हणून खोटं सांगून राह्यले. मंग रुख्मानं विचारणंच सोडलं. म्हणे, मले उत्तरं ऐकवत नाईत."

"पण का?"

"नाई सांगितलं. मरेपर्यंत नाई सांगितलं." ते खिडकीबाहेर पाहू लागले. "घरही तिनंच मोठं बांधायले लावलं. आम्ही दोघंच, अन् खोल्या सात."

या उत्तरानं सरिता आणखीच चिडली. दुपारी ती स्वतः खाली जाऊन बसली. रंगाऱ्यांना जेवायला पिटाळलं, शटर उघडं ठेवलं आणि मांडणीच्या आडोशाला स्टूल घेतलं. येऊ दे ती बाई, आज धरतेच तिला.

ताज्या रंगाचा वास हळूहळू बसला. त्याच्या जागी सरकीचा कोंदट वास आला. तिचं नाक चुरचुरलं.

ऊन डोक्यावर घेऊन एक तरुण बाई आत शिरली. सरिताकडे न पाहता सरळ गल्ल्यापाशी गेली आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून ओळखीचं हसली.

कोणी काही विचारलं नाही. सरिताला तरी ऐकू आलं नाही.

"सहा," बाई म्हणाली.

"सांगू नका!" सरिता ओरडत उठली.

बाई दचकून वळली. "काऊन, ताई?"

तिच्या मघाशी रिकाम्या असलेल्या हातात सुतळीनं बांधलेला गठ्ठा होता. गाठीची टोकं अजून हलत होती.

"घरी कोणकोण असतं तुमच्या?" सरितानं विचारलं.

"मी, हे, सासू-सासरे, अन् आमचा लहानू." बाईनं बोटं मोजली, पुन्हा मोजली आणि गोंधळून हसली. "पाच."

सरितानं तिला बाहेर काढलं, शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली रूपरावजींच्या टेबलावर आदळली. खालचं दुकान लगेच मोडायला घ्या, एवढंच रूपरावजी म्हणाले.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा सासूबाई, शालूबाई, पलंगावर पंचे पसरून बसल्या होत्या.

"तुह्या ऑफिसात गेलती आज सकाळी. किती चांगली बाई आहे व ती गल्ल्यावरची!"

सरिता चपलेसकट आत आली. "आई, तुम्ही किती सांगितलं?"

"पाच." शालूबाई थबकल्या. "पाच काऊन म्हटलं मी, बाप्पा?"

सरिता घरभर फिरली. नवरा मोरीत तोंड धूत होता. मुलगी काजल अभ्यासाला बसली होती. शालूबाई समोर होत्या. आपण स्वतः. चौघं. नेहमीचे चौघं, सगळे धडधाकट. तिनं काजलला इतकं घट्ट धरलं की पोरगी कुरकुरली. मग सरिता स्वयंपाकाला लागली. स्वतःचाच राग येत होता, आणि हायसंही वाटत होतं.

सकाळी शाळेचा ऑटो आला. काजल धावत जाऊन बसली. कवडूभाऊ ऑटोवाल्यांनी हॉर्न वाजवला आणि ते घराकडे बघत थांबले. मग पुन्हा वाजवला.

"बसली की ती!" सरिता फाटकातून खेकसली. "आता कोणासाठी थांबलात?"

कवडूभाऊंनी डोकं खाजवलं. "समजत नाई, ताई. चुकलंच."

मागं एक मुलगा काजलच्या शेजारी सरकू लागला. काजलनं सीटवर हात आडवा धरला.

"इथं नको बसू."

ऑटो गेला. धूळ खाली बसली. शालूबाईंनी आतून हाक मारली, तेव्हा सरिताला कळलं की आपण अजून फाटक उघडं धरून उभ्या आहोत, कोणीतरी बाहेर यायचं राहिलंय म्हणून धरतात तसं.