सत्तेचाळिसावा फॉर्म

त्या दुपारी ती तळ्याच्या बांधावरून निघाली होती, ती एक फॉर्म फाडायला. म्हटलं तर पाच मिनिटांचं काम.

तळं वाचवायला निघालेल्या एका संस्थेत ती दहा वर्षं सामाजिक संशोधक होती. पक्षी मोजायला संस्थेकडे वेगळी माणसं होती, दुर्बिणी होत्या. माणसं मोजायला ही एकटी आणि तिची खांद्यावरची पिशवी. काठावर सत्तेचाळीस घरं, मासळीवर आणि लव्हाळ्यावर जगणारी. त्यांना तिथेच राहू द्यायचं की उठवायचं, हे तिच्या फॉर्मांवरून ठरणार होतं. सेहेचाळीस घरांनी तिला आत बसवून खरं काय ते सांगितलं होतं.

सत्तेचाळिसाव्या घराला मात्र तीनही खेपांना कुलूप. चौथी खेप घातल्याशिवाय ‘घर बंद’ असं लिहायची सोय नव्हती. पण तोवर तिच्या पायांचे तुकडे पडले होते, अंगात कणकण होती. शेवटी बांधावरच बसून तिने तो फॉर्म मनाने भरून टाकला. सेहेचाळीस घरं ऐकल्यावर सत्तेचाळिसावं काय बोलणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. बाई, वय छत्तीस. सासू, डाव्या कानाने बहिरी. मुलगी नऊ वर्षांची, शाळा सुटलेली. नवरा कामासाठी बाहेर. नवऱ्याबद्दलचे बाकीचे रकाने तिने रिकामेच सोडले. खोटं लिहायचाही कंटाळा आला होता.

आणि आता उद्या तपासनीस येणार होते. भिंग लावून फॉर्म वाचतात म्हणून सगळे त्यांना भिंगवाले म्हणत. एक जरी फॉर्म खोटा निघाला, तरी अख्खं काम रद्द, असा नियम होता. नोकरी गेली असती तर तिने सुटकेचा श्वासच टाकला असता. पण सेहेचाळीस घरांचं खरं बोलणं तिच्या एका कंटाळ्यापायी कचऱ्यात जाणार, याने तिला चार दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. म्हणून ही चौथी खेप. कोणी भेटलं तर खरा फॉर्म भरायचा, नाहीतर ‘बंद’ लिहायचं, आणि तो खोटा कागद फाडून पाण्यात टाकायचा.

दार उघडं होतं.

वारा अगदी पडला होता. आतून ओल्या चिखलाचा आणि खूप दिवस न उघडलेल्या पेटीचा वास येत होता.

“या ताई. परत आलात?” उंबऱ्यातली बाई म्हणाली.

“परत? वहिनी, आपली भेट झालीच नव्हती. कुलूप होतं.”

“असं कसं? सगळं विचारून तर गेलात.”

दुसऱ्याच कुणाशी गल्लत झाली असेल, असं म्हणून ती आत गेली. बाजेवर एक म्हातारी बसली होती. कोपऱ्यात एक मुलगी तिच्या पिशवीकडे टक लावून बघत होती. तिने कोरा फॉर्म काढला.

“वय?”

“छत्तीस.”

तिने म्हातारीला तब्येत विचारली. म्हातारीने मान वळवून उजवा कान पुढे केला. पेन जरा थांबलं.

“पाणी वाढलं की काय करता?”

“काय करणार? पाणी पायाला लागलं की उठायचं, ओसरलं की निजायचं.”

हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. बांधावर लिहिताना, काय झकास जमलंय, म्हणून ती एकटीच हसलीसुद्धा होती.

खरं सांगायचं तर आधी तिचा जीव भांड्यात पडला. खोटं लिहिलं ते खरं निघालं, सुटले! त्या आनंदातच तिने पुढचा प्रश्न विचारला.

“आणि यजमान? कुठे असतात?”

बाजेची करकर थांबली. बाहेर बेडूक ओरडत होते, तेही थांबले.

“ते तुम्ही लिहिलं नाहीत ना, ताई...”

तिने कोरा फॉर्म पिशवीत सरकवला.

“दिसतात कसे, तेही लिहिलं नाहीत. ही रोज विचारते, बाबा कसे आहेत. मी काय सांगू?”

मुलगी उठून जवळ आली आणि तिने पिशवीचा पट्टा धरला. हात गार होता, ओला होता.

“कागद फाडायला आलात ना?” बाई हळूच म्हणाली. “नका फाडू... आम्ही तिघींनी जायचं कुठे?”

तुमच्या लिहिण्याने आमचं काय होणार, असं दहा वर्षं लोक तिला विचारत आले होते आणि दहा वर्षं ती खाली मान घालत आली होती. आज पहिल्यांदाच तिच्याकडे उत्तर होतं. भीती तर वाटतच होती, पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. तिने जुना फॉर्म काढला आणि रिकाम्या रकान्यात लिहिलं, ‘उद्या परत येईल.’

पट्टा सैल झाला. ती पळत सुटली ती बांध ओलांडेपर्यंत थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात भिंगवाल्यांचा फोन आला.

“मॅडम, सत्तेचाळीसला कुलूप आहे हो. चांगलं गंजलेलं.”

“मग?”

“मग काय, सकाळी घरमालकच बांधावर भेटला. आजच आलाय म्हणे. बायको छत्तीसची, आई बहिरी, मुलगी नऊची, सगळं बरोब्बर सांगितलं. पास केला फॉर्म. तुमचं काम सुटलं.”

“तो... स्वतःबद्दल काय म्हणाला?”

“तिथेच गंमत. काहीही विचारा, एकच उत्तर. ‘ते ताईंना माहीत.’ ताई राहतात कुठे म्हणून फारच मागे लागला, तेव्हा दिला तुमच्या घरचा पत्ता. चालेल ना?”

सेहेचाळीस घरं वाचली होती. तिने क्षणभर टेबलावर डोकं टेकलं. मग घरी फोन लावला. घरी आई एकटीच असायची.

“आई, दार लावून घे. कुणी आलं तर...”

“अगं, आलेत की तुझे पाहुणे. बसवलंय आत. पाणी दिलं तर घेत नाहीत. नाव विचारलं, तर म्हणतात ताई सांगतील.”

“आई... दिसतो कसा तो?”

“समोरच तर बसलेत. असे...”

आई थांबली.

“थांब हं,” ती म्हणाली, “जवळ जाऊन परत एकदा बघते.”