दोन सीडींमधली शांतता

दुपारचा चहा झाला आणि थोरला कोऱ्या सीडी आणायला बाहेर पडला. काम साधंच होतं. अप्पांच्या आवाजातल्या गोष्टींची एक प्रत धाकटीला, म्हणजे त्याच्या बहिणीला, हवी होती. संध्याकाळी ती स्वतःच न्यायला येणार होती.

"अजून सीडी?" दुकानदार हसला. "जग कुठल्या कुठे गेलं, साहेब! शेवटच्या चारच उरल्यात. धूळ पुसून देतो, चालेल?"

"चालेल की. वडिलांचा आवाज आहे, तो काही जुना होत नाही," थोरला म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर खूश झाला.

अप्पा शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी हौसेनं एक यंत्र घेतलं होतं. त्याला शेजारीशेजारी दोन कप्पे होते. डावा फक्त वाजवायचा, उजवा वाजवायचाही आणि नवी सीडी भरायचाही. माईक लावून त्यांनी आपल्या गोष्टी त्यात भरल्या होत्या. कोल्ह्याची, आंधळ्या राजाची, विहिरीतल्या म्हातारीची. त्याच गोष्टी अप्पांच्या तोंडून ऐकत धाकटी लहानाची मोठी झाली होती. यंत्राची आणखी एक खुबी होती. दोन्ही कप्प्यांत भरलेल्या सीडी ठेवल्या की एक संपल्यावर दुसरी लागायची, दुसरी संपल्यावर पुन्हा पहिली. बटण दाबेपर्यंत थांबायचं नाव नाही.

ही खुबी अप्पांच्या आजारपणात फार उपयोगी पडली.

अर्धांगानं ते खाटेला खिळले. एक बाजू गेली, जीभ जड झाली. तरी एक शब्द स्पष्ट राहिला. पाणी. पण पाणी दिलं की अंथरूण ओलं व्हायचं आणि अंथरूण बदलताना थोरल्याची कंबर धरायची. म्हणून दुपारनंतर पाणी बंद, असं नवराबायकोनं ठरवून टाकलं. कुणी भेटायला आलंच तर दिसावा म्हणून तिपाईवर भरलेला पेला कायम असायचा. अप्पांच्या चांगल्या हाताच्या थोडा पलीकडे.

ते हाका मारत. मग यंत्र सुरू व्हायचं. धाकटी यायची, दाराबाहेर उभी राहायची आणि वहिनी कुजबुजायची, "आत्ताच डोळा लागलाय गं. स्वतःच्याच गोष्टी ऐकत झोपतात. उठवू नकोस, मग सगळ्या घराला जागरण."

एकच अडचण होती. एक सीडी संपून दुसरी लागेपर्यंत मध्ये थोडा वेळ शांतता पडायची. अप्पांना ते कळलं. ते ती शांतता येईपर्यंत दम धरून थांबायचे आणि मग हाक मारायचे. त्यावर थोरल्याच्या बायकोनं उपाय काढला. दार किलकिलं करायचं, रिमोट धरलेला हात तेवढा आत घालायचा आणि दुसरी सीडी लागताच आवाज वाढवायचा. आत बघायचं नाही. बघितलं की उगाच जीव कालवतो.

अप्पा गेले तेव्हा धाकटी थोरल्याच्या गळ्यात पडून रडली होती. "दादा, तू केलंस तेवढं कुणी केलं नसतं रे." हे वाक्य त्यानं जपून ठेवलं होतं. तिच्या नजरेत तो देवमाणूस होता. दुसऱ्या कुणाच्याच नजरेत नव्हता.

तो अप्पांच्या खोलीत आला. औषधांचा आंबूस वास अजून गेला नव्हता. त्यानं डावीकडे अप्पांची सीडी घातली, उजवीकडे कोरी, आणि कॉपीचं बटण दाबलं. झाल्यावर प्रत लावून पाहिली. कोल्ह्याची गोष्ट संपली. दुसरी सुरू होण्याआधी कुणीतरी हळूच म्हणालं,

"पाणी..."

त्यानं मूळ सीडी लावली. तिच्यात काही नव्हतं. माईक तर वायर गुंडाळून कपाटात पडला होता.

दुसरी प्रत केली. "पाणी दे रे..."

तिसरी केली. "धाकटे... हा मला पाणी देत नाही..."

थोरल्यानं तिन्ही सीडी मोडल्या. मोडताना बोट कापलं. खिडकीबाहेर उन्हं उतरली होती. ती निघालीही असेल.

आता एकच कोरी उरली होती. त्यानं दुसरी रीत धरली. झटपट कॉपी करायची नाही. गोष्टी वाजू द्यायच्या, भरताना आवाजाचं बटण हातात ठेवायचं आणि दोन गोष्टींच्या मध्ये ते पार शून्यावर आणायचं. बायकोला ओरडून सांगितलं, "भरणं चाललंय गं, कुणाला आत सोडू नकोस!" दार लावलं. बसायला खाटेशिवाय काही नव्हतं. तो यंत्राशेजारच्या त्या खाटेवर बसला.

पहिली शांतता कोरी गेली, दुसरीही. तो निवांत झाला. पाठ टेकावी म्हणून आडवा झाला.

विहिरीतल्या म्हातारीची गोष्ट लागली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की बटणावरचा हात आपला वाटत नाही. पायही नाही. घसा असा सुकला होता, जणू दिवसभर कुणी थेंब दिला नव्हता.

दाराबाहेर पावलं वाजली.

"आत आहे का दादा?" धाकटीचा आवाज.

"सीडी भरतायत तुझ्यासाठी. आत्ता दार उघडलं तर आपलं बोलणं त्यात जाईल," बायको कुजबुजली. "नंतर ये ना, नाहीतर उद्या मीच धाडते."

"बरं... वहिनी, अप्पाच वाचत बसलेत असं वाटतं नाही?"

थोरला ओरडला. जीभ हललीच नाही. अप्पांचा आवाज खोलीभर होता. त्यानं दम धरला. गोष्ट संपली, शांतता पडली, आणि सगळा जीव गोळा करून तो म्हणाला,

"पाणी..."

"वहिनी, आत कुणी बोललं?"

"छे गं. सीडीच ती."

दार किलकिलं झालं. फटीतून बायकोचा हात आत आला, रिमोट धरलेला. सवयीचा हात. आवाज वाढला. हात मागे गेला, दार लागलं. धाकटीची पावलं जिन्यावरून उतरत गेली.

डावीकडची सीडी संपली. भरणं थांबवायचं बटण कुणीही दाबलं नव्हतं, तरी डावा दिवा विझून उजवा लागला आणि आत्ताच भरलेली सीडी वाजू लागली. कोल्ह्याचीच गोष्ट. पण वाचणारा आवाज थोरल्याचा होता, ठणठणीत आणि लाघवी. त्यानं ती गोष्ट जन्मात कधी वाचली नव्हती.

ती संपली. शांतता आली. त्यानं श्वास भरून घेतला.

उशाशी पाणी ओतल्याचा आवाज झाला, सावकाश, काठापर्यंत. मग तिपाईवर पेला टेकल्याचा. थोरल्यानं अजून हलणारा हात लांबवला. बोटं थोडी कमी पडली.

मग पेला तिपाईवरून आणखी जरासा मागे सरकला, आणि दुसरी गोष्ट सुरू झाली.