नेल कॉर्बी मागे वळली

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा नवरा आहे, आणि मी हे लिहितेय तेव्हा तो आतल्या खोलीत झोपलाय.

मागच्या मार्गशीर्षातली गोष्ट. आम्ही हर्णैला राहतो, बंदराच्या अगदी मागे. संध्याकाळी मासळीचा लिलाव सुरू झाला की घरात एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नाही.

सर्वेश मुंबईच्या एका स्टुडिओसाठी घरून काम करायचा. जुन्या मूक सिनेमांची सफाई. कॉम्प्युटरवर एकेक चित्र घेऊन त्यावरचे ओरखडे, बुरशीचे डाग काढायचे.

तेव्हा त्याच्याकडे शंभर वर्षांपूर्वीचे काउबॉयचे सिनेमे आले होते. त्या सगळ्यांत एक नटी होती. नेल कॉर्बी.

पहिल्या सिनेमात ती घोडा दौडवत येते. पडदाभर तिचा हसरा चेहरा. पुढच्यात ती हिरोची बहीण. मग एका शूटिंगला घोड्यावरून पडली. गालावर मोठा व्रण राहिला.

त्यानंतर कॅमेरा तिच्यापासून लांब लांब गेला. कधी दारूच्या गुत्त्यात ग्लास पुसणारी. कधी गर्दीतली कुणीतरी.

शेवटच्या सिनेमात तर फक्त पाठ दिसते. गावकऱ्यांच्या घोळक्यात, पाठमोरी.

"बिचारी गं," सर्वेश मला म्हणाला. "हिला कुणी पुढे येऊच दिलं नाही."

मग स्क्रीनकडे बघून हसत म्हणाला, "ये गं बाई पुढे. मी करतो तुला स्वच्छ."

मीही हसले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला हाक मारली. आवाज वेगळाच होता.

"रुचिरा, ही काल पाठमोरी होती ना?"

मी पाहिलं. घोळका तसाच होता. पण नेलची मान...

थोडी वळलेली होती.

त्याने मूळ फाइल उघडली. ज्या फाइलला त्याने हातही लावला नव्हता.

तिच्यातही तेच.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाहेर लिलाव चालू होता, पण आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. माणसं नाहीत, होड्यांची इंजिनं नाहीत, कावळेसुद्धा नाहीत.

त्याने सिनेमा थांबवला...

आणि सगळा गलका एकदम घरात शिरला.

तिसऱ्या संध्याकाळी ती पूर्ण वळली होती. व्रणासकट. सरळ आमच्याकडे बघत होती.

आणि तिचे ओठ हलत होते.

तेवढ्यात मालनताई आली, सर्वेशची मोठी बहीण. बंदरावर मासळी विकते. लहानपणी तापात तिचे कान गेले. तेव्हापासून ती समोरच्याचे ओठ बघून बोलणं ओळखते.

सर्वेशने तिच्याकडे तोंड करून सावकाश विचारलं, "ताय, ही बाय काय बोलतेय गं?"

मी म्हटलं, "अरे, इंग्लिश असेल ते. ताईंना कसं कळणार?"

मालनताईने डोक्यावरची मासळीची पाटी खाली ठेवली. वाकून बघितलं. बराच वेळ.

"सर्व्या," ती म्हणाली, "ती तुजा नाव घेतेय."

सर्वेश हसला. मग त्याने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं आणि त्याचं हसू तिथेच विरलं.

त्याने लगेच लॅपटॉप मिटला. त्याच रात्री फाइल परत पाठवली. हे काम मला नको, असं कळवून टाकलं.

मला वाटलं, संपलं.

आठवड्याने स्टुडिओतल्या दिशाचा फोन आला. ती चिडली होती.

"सर्वेश, त्या घोळक्यातली बाई तू पुसून टाकलीस का रे? मध्येच मोकळी जागा दिसतेय. एक माणूस उभा राहील एवढी."

त्याने काहीच पुसलं नव्हतं. मी शपथेवर सांगते.

तेव्हापासून सर्वेश दुपारी झोपला की त्याचे ओठ हलतात. आवाज नाही. श्वासही ऐकू येत नाही. नुसते ओठ... भरभर. जागा झाल्यावर विचारलं तर म्हणतो, "मी? मी कुठे काय बोललो?"

परवा मी मालनताईला बोलावलं. म्हटलं, त्याचे ओठ वाचा जरा, काय बोलतो ते तरी कळू दे.

ती त्याच्या उशाशी बसली. त्याच्या ओठांकडे बघत राहिली.

हळूहळू तिचा चेहरा पांढरा पडला. ती उठली, पदर आवळला आणि मागच्या दारी गेली. मी धावत तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"ताई, काय बोलतोय तो?"

तिने माझा हात घट्ट धरला.

"तो नाय बोलत, रुचिरा," ती म्हणाली. "बोलणारी दुसरीच हाय."

काल सकाळी ती नाटे गावाला मावशीकडे निघून गेली. फोनवरच्या मेसेजला उत्तर देत नाही.

आत्ता दुपार आहे. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं आहे. मला इथून सर्वेशची फक्त हनुवटी दिसतेय...

हलतेय.